सहाशे किलोंचा हिशेब

टाटा नॅनोचं चाक पंक्चर झालं आणि पाना घेऊन खाली बसलं, की माणूस पहिल्यांदा जरा दचकतो. नट तीनच! एखादा गळून पडला की काय म्हणून तो दुसऱ्या चाकाकडे बघतो, तर तिथेही तीनच. बाकीच्या बहुतेक मोटारींना चार नाहीतर पाच असतात. मारुती ८००लाही चार होते. नॅनोला चौथा दिलाच नाही, कारण तो लागत नाही. गाडीचं वजन सुमारे ६०० किलो, म्हणजे रिकाम्या गाडीत एका चाकाच्या वाट्याला सरासरी दीडशे किलो. एवढा भार तीन नट आरामात पेलतात.

एका गाडीमागे चार नट वाचले, त्यात काय मोठंसं? पण छोट्या गाड्यांचं सगळ्यात मोहक तत्त्व मला इथेच दिसतं. गाडी हलकी म्हणून लहान इंजिन पुरतं. इंजिन लहान म्हणून त्याला धरणारा सांगाडा फार दणकट नको. सांगाडा हलका म्हणून ब्रेक लहान, टायर अरुंद. टायर अरुंद आणि पुढचा भार कमी, म्हणून स्टिअरिंग नुसत्या हातानं वळतं, पॉवर स्टिअरिंग नको. पेट्रोल कमी लागतं, म्हणून टाकी १५ लिटरची चालते. एक किलो काढला की तो जाताना दुसऱ्याचा हात धरून जातो. मोठ्या गाडीत हीच साखळी उलटी फिरते आणि प्रत्येक सोयीसोबत चार अनाहूत किलो येऊन बसतात.

भर पावसात एका स्कूटरवर चौघांचं कुटुंब चाललेलं पाहून रतन टाटांच्या मनात या गाडीची कल्पना आली, ही गोष्ट आता सर्वांना पाठ आहे. त्यानंतरचं काम मात्र त्याहून रंजक आहे. गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात ही गाडी आकाराला आली, १० जानेवारी २००८ला दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये जगासमोर आली आणि मार्च २००९मध्ये मुंबईत तिचं विक्रीसाठी अनावरण झालं. किंमत आधी ठरली होती: एक लाख. गाडी बनवून किंमत काढायची, हा नेहमीचा रिवाज. इथे किमतीतून गाडी काढायची होती. कमी साधनांत जास्त लोकांना जास्त काही द्यायच्या या वृत्तीला डॉ. रघुनाथ माशेलकर ‘गांधीवादी अभियांत्रिकी’ म्हणतात.

त्यातून जे निघालं ते पेट्रोल पंपावर सगळ्यात मजेशीर दिसायचं. पंपावरचा मुलगा सवयीनं नळी ओढत गाडीच्या मागच्या अंगाला जायचा आणि मालक उतरून पुढचं बॉनेट उघडायचा. जिथे इंजिन असायला हवं तिथे स्टेपनी, आणि पेट्रोलचं झाकणही तिथेच. इंजिन मागे, मागच्या सीटच्या पाठीशी. त्याला हात घालायचा तर सीटची पाठ पाडून आतलं झाकण काढावं लागे, कारण सुरुवातीच्या नॅनोला मागचा दरवाजाच नव्हता. दरवाजा म्हटला की बिजागऱ्या आल्या, कुलूप आलं, रबर आलं. शिवाय एवढं मोठं भोक पाडलं की सांगाडा कमजोर होतो आणि तो पुन्हा मजबूत करायला लोखंड घालावं लागतं. मागची बाजू बंदच ठेवली तर हा सगळा खर्च वाचतो. सामान मात्र मागच्या सीटवरून उचलून आत टाकायचं. मुंबईहून कोकणात गणपतीला निघालेल्या कुटुंबाला ही बचत किती आवडली असेल, याची कल्पना करता येते. २०१५च्या सुधारित नॅनोत शेवटी उघडणारा मागचा दरवाजा आला.

लहान गाडीत माणसांना जागा कशी करायची, हा प्रश्न नॅनोच्या आधी पन्नास वर्षं दोन प्रकारे सुटला होता. १९५७च्या फियाट ५००मध्ये दोन सिलिंडरचं इंजिन मागे टाकलेलं होतं. १९५९च्या ब्रिटिश ‘मिनी’त ॲलेक इसिगोनिसनं वेगळीच शक्कल लढवली: इंजिन पुढेच ठेवायचं, पण आडवं बसवायचं. सुएझच्या पेचप्रसंगामुळे ब्रिटनमध्ये पेट्रोलची टंचाई झाली होती, त्या काळजीतून मिनी जन्मली. तीन मीटरहून जेमतेम लांब आणि चाकं अवघी दहा इंचांची, पण तिची मांडणी जगभर पसरली. डिसेंबर १९८३मध्ये आपल्याकडे आलेली मारुती ८०० त्याच वाटेनं आलेली होती: ७९६ सीसी, तीन सिलिंडर, पुढे आडवं इंजिन. नॅनोनं फियाटची वाट धरली: ६२४ सीसी, दोन सिलिंडर, इंजिन मागे. पुढे इंजिन नसल्यानं पाय पसरायला जागा झाली. मारुती ८००पेक्षा लांबीला सुमारे आठ टक्के कमी, पण आतून सुमारे एकवीस टक्के अधिक मोकळी, असा कंपनीचा दावा होता.

पण भार मागे गेला की वेगात वळण घेताना गाडीची शेपटी बाहेर फेकली जाऊ बघते. त्यावर उतारा म्हणून नॅनोचे पुढचे टायर १३५ मिलिमीटर रुंद आणि मागचे १५५. उपाय सोपा आणि छान. फक्त झीज सारखी व्हावी म्हणून पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे करायची मेकॅनिकची जुनी युक्ती इथे चालत नाही. छोट्या गाडीत प्रत्येक हुशारीची पावती कुठेतरी मालकाच्या नावानं फाटतेच.

आता आपल्याकडचा पहिला प्रश्न. गाडी ॲव्हरेज किती देते? नॅनोचा प्रमाणित आकडा लिटरला २३.६ किलोमीटर होता. असे आकडे जिथे ठरतात त्या संस्थांपैकी एक, एआरएआय, पुण्यात वेताळ टेकडीवर आहे. तिथे गाडी रस्त्यावर जातच नाही. ती रोलरवर उभी राहते, चाकं फिरतात, गाडी जागच्या जागी ‘प्रवास’ करते आणि चालक पडद्यावरच्या रेषेबरहुकूम वेग कमी-जास्त करतो. प्रवासी गाड्यांच्या चाचणीच्या भारतीय चक्रात कमाल वेग ताशी ९० किलोमीटर. याहून अजब गोष्ट म्हणजे टाकीत किती पेट्रोल उरलं ते बघायची गरजच पडत नाही. धुराड्यातून आलेला वायू गोळा करतात आणि त्यातला कार्बन मोजतात. जितका कार्बन बाहेर आला तितका पेट्रोलमधून आत गेलेला असणार, या हिशेबानं खर्च निघतो. धुरावरून इंधन ओळखायचं!

रस्त्यावर हा आकडा घसरतो आणि छोट्या गाडीचा जरा जास्तच घसरतो. कारण साधं आहे. चार मोठी माणसं म्हणजे अंदाजे २८० किलो. १,८०० किलोंच्या एसयूव्हीत ती बसली तर वजन पंधरा-सोळा टक्क्यांनी वाढतं, गाडीला फारसं कळतही नाही. ६०० किलोंच्या गाडीत ती बसली तर वजन जवळजवळ निम्म्यानं वाढतं. एकट्यानं चालवलेली आणि पाहुण्यांना घेऊन निघालेली छोटी गाडी या खरं तर दोन वेगळ्या गाड्या असतात. पिकअप, ब्रेक, खड्ड्यात खाली घासणं, सगळंच बदलतं. मग खंबाटकी किंवा कसारा घाट आला की पुढून फर्मान निघतं, ‘एसी बंद करा रे!’ एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाचीच ताकद खातो. दीडशे हॉर्सपॉवरमधले तीन-चार गेले तर कोणी विचारत नाही, पस्तीस-सदतीसमधले गेले की चढावर गिअर खाली आणावा लागतो.

शहरात मात्र हीच गाडी जिंकते. ताशी ५० किलोमीटरनं धावणाऱ्या ६०० किलोंच्या गाडीत साधारण ५८ किलोज्यूल गतिज ऊर्जा असते, १,८०० किलोंच्या गाडीत १७४. लाल दिवा लागला की ब्रेक दाबून ही सगळी ऊर्जा आपण उष्णता करून हवेत सोडून देतो आणि हिरवा लागला की पेट्रोल जाळून पुन्हा जमवतो. दर सिग्नलला मोठी गाडी छोटीच्या तिप्पट उधळपट्टी करते. एक्स्प्रेसवेवर चित्र पालटतं. तिथे झुंज वजनाशी कमी आणि वाऱ्याशी जास्त असते. वारा गाडीचं वजन विचारत नाही, समोरची रुंदी-उंची विचारतो. नॅनोची उंची १.६५ मीटर, वर गिअर चारच, त्यामुळे वेग वाढला की इंजिन कोकलायला लागतं. शेजारून ट्रेलर गेला की उंच, हलकी गाडी बाजूला ढकलली जाते आणि स्टिअरिंगवरची मूठ आपोआप आवळते.

पैशांचा हिशेब छोट्या गाडीच्या बाजूनं सरळच आहे, त्यात फार रमायला नको. २०२२पासून थर्ड पार्टी विम्याचा मूळ हप्ता हजार सीसीच्या आतल्या खासगी गाडीला २,०९४ रुपये आणि दीड हजार सीसीच्या वरच्या गाडीला ७,८९७ रुपये. टायर, बॅटरी, क्लचप्लेट सगळंच लहान आणि त्या मानानं स्वस्त. मारुती ८०० तर गावातल्या कुठल्याही गॅरेजात उघडता-मिटता यायची. पार्किंगचं सुख वेगळंच: सदाशिव पेठेत दोन स्कूटरींच्या मधल्या फटीत ३.१ मीटरची गाडी घुसवता येते, याचं मोल पुणेकराला आकड्यांत सांगावं लागत नाही.

मग ‘लाखाची गाडी’ विकली का गेली नाही? एका कारणाबद्दल पुढे खुद्द रतन टाटाच बोलले: तिच्यावर ‘सगळ्यात स्वस्त’ हा शिक्का बसू देणं चुकलं. गाडी घेणारा माणूस नुसतं वाहन घेत नाही, पेढेही वाटतो. ‘स्वस्तातली घेतली’ असं शेजाऱ्यांनी म्हणायला त्याला नको असतं. त्यात सिंगूरहून साणंदला हलवावा लागलेला कारखाना आणि हळूहळू वाढत गेलेली किंमत. २०११-१२ हे सगळ्यात चांगलं वर्ष, तेव्हाही विक्री पाऊण लाखाला टेकली नाही. साणंदची क्षमता अडीच लाखांची होती.

छोट्या गाडीच्या हसण्यावारी न्यायच्या तोट्यांपलीकडे एक तोटा आहे, तो मात्र जिवाशी गाठ घालणारा. जानेवारी २०१४मध्ये गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेनं भारतातल्या पाच छोट्या गाड्या ताशी ६४ किलोमीटरनं अडथळ्यावर आदळवल्या. एअरबॅग नसलेल्या त्या पाचही गाड्यांना प्रौढांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. पण शून्याशून्यांत फरक होता. फोर्ड फिगो आणि फोक्सवॅगन पोलोचा सांगाडा टिकून राहिला; दोन एअरबॅग बसवलेल्या पोलोला तर चार तारे मिळाले. अल्टो ८००, नॅनो आणि आय१०चा सांगाडाच ढासळला, तिथे नुसत्या एअरबॅगनं भागलं नसतं.

इथे लहानपण आणि स्वस्तपण यांची गल्लत होते, ती सोडवायला हवी. सांगाडा ढासळणं हा स्वस्ताईचा दोष. जपानमधल्या केई गाड्यांना लांबी ३.४ मीटर, रुंदी १.४८ मीटर आणि इंजिन ६६० सीसी एवढीच मुभा असते. तरी चांगलं पोलाद, एअरबॅग असं सगळं त्यांच्यात बसवतात आणि मग त्या लाखात मिळत नाहीत. पण एक दोष निव्वळ लहानपणाचा आहे. समजा ६०० आणि १,८०० किलोंच्या गाड्या ताशी ५०नं समोरासमोर धडकल्या आणि एकमेकींत अडकल्या. गणित सांगतं की दोन्ही मिळून मोठ्या गाडीच्या दिशेनं ताशी २५नं सरकतील. मोठीतल्या माणसांचा वेग क्षणात पन्नासवरून पंचवीसवर येतो, फरक २५. छोटीतली माणसं पुढे जाता जाता उलटी मागे फेकली जातात, फरक ७५. तिप्पट. कितीही तारे मिळवा, या भागाकारावर उपाय नाही. तारे देणारी ती चाचणी गाडी अडथळ्यावर आपटते, दुसऱ्याच्या फॉर्च्युनरवर नाही.

म्हणून छोट्या गाड्या धोकादायक म्हणून सोडून द्यायच्या? मला तसं वाटत नाही. कशाच्या तुलनेत धोकादायक, हे आधी ठरवायला हवं. २०२२मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यांतली जवळपास ४५ टक्के दुचाकीवर होती. चौघांना घेऊन पावसात निघालेल्या स्कूटरशी तुलना केली तर चार चाकं, छत आणि सीट बेल्ट ही मोठी झेप आहे. मोठ्या गाडीशी तुलना केली तर तडजोड आहे. रोज शहरात दोघं जाणार असतील तर मी डोळे झाकून छोटी गाडी घ्या म्हणेन. दर शनिवारी पाच जण आणि सामान घेऊन महामार्गावर निघणार असाल तर नका घेऊ.

आणि सेकंड हँड घेणार असाल तर रंग आणि सीट कव्हर बघण्याआधी आरसी बुकातली बनावटीची तारीख बघा. चालकाची एअरबॅग जुलै २०१९पासून सक्तीची झाली, शेजारच्या सीटची २०२१च्या अखेरीपासून. त्याआधीच्या स्वस्त मॉडेलात ती बहुधा नसतेच. विकणाऱ्याला विचारत बसू नका, स्टिअरिंगच्या मधोमध आणि डॅशबोर्डवर ‘एअरबॅग’ असं कोरलेलं आहे का, ते स्वतः बघा.