प्रवाळांचे विरंजन आणि सूक्ष्मजीवांची भूमिका

प्रवाळ म्हणजे पोवळे. दागिन्यातील लाल मणी म्हणून ते आपल्या परिचयाचे असले, तरी प्रवाळ हा मुळात प्राणी आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. उथळ, उष्ण समुद्रात असे असंख्य चिमुकले प्राणी एकत्र राहतात, आपल्याभोवती चुन्याचा सांगाडा रचतात आणि त्यांतूनच प्रवाळभित्ती उभी राहते. लक्षद्वीपची बेटे अशाच प्रवाळांनी घडविलेली आहेत. आपल्या मालवणच्या सागरी अभयारण्यातही प्रवाळ आढळतात. या प्रवाळांवर ओढवणाऱ्या विरंजनाच्या संकटाची कारणे आम्ही येथे थोडक्यात मांडीत आहोत.

प्रवाळाच्या पेशींत एकपेशीय शैवाले वास करतात. सूर्यप्रकाशावर ती अन्न तयार करतात आणि त्यातील मोठा वाटा प्रवाळाला देतात. प्रवाळ त्यांना आसरा व पोषकद्रव्ये पुरवितो. प्रवाळाचा रंगही बहुतांशी या शैवालांमुळेच असतो. समुद्राचे तापमान उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल पातळीहून केवळ एक अंशाने वाढून काही आठवडे तसेच राहिले, तरी हे सहजीवन बिघडते. उष्णता आणि प्रखर प्रकाश यांमुळे शैवालातील प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा कोलमडते व ऑक्सिजनची घातक रूपे निर्माण होतात. त्यांचा दाह असह्य होऊन प्रवाळ शैवालांना बाहेर टाकतो. मग पारदर्शक देहाखालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. हेच विरंजन होय. विरंजित प्रवाळ लगेच मरत नाही; तो उपाशी असतो. पाणी वेळीच निवळले, तर शैवाले परततात. न निवळल्यास मृत्यू अटळ ठरतो.

या घडामोडीत जिवाणूंचा हात किती? १९९६ साली युजीन रोझेनबर्ग यांच्या गटातील इस्रायली शास्त्रज्ञांनी भूमध्य समुद्रातील ‘ऑक्युलिना पॅटागोनिका’ या प्रवाळाचे विरंजन एका व्हिब्रिओ जिवाणूमुळे होते, असे दाखविले. पुढे काही वर्षांनी तोच प्रवाळ त्या जिवाणूला दाद देईनासा झाला. प्रवाळांत आपल्यासारखी प्रतिपिंडे नसतात. तेव्हा त्याच्या अंगावरील उपयुक्त जिवाणूंचा समूह बदलून त्यांनीच त्याचे रक्षण केले असावे, असा विचार पुढे आला. मात्र नंतरच्या अभ्यासात त्या जिवाणूवाचूनही विरंजन होत असल्याचे आढळले. म्हणजे व्यापक विरंजनाचे मूळ कारण उष्णताच. जिवाणू दुर्बळ झालेल्या प्रवाळाला रोगाने ग्रासतात, किंवा त्याला तग धरण्यास साहाय्यही करतात. उपयुक्त जिवाणू निवडून ते प्रवाळांना देण्याचे प्रयोग आज चालू आहेत. टाक्यांतील प्रयोगांत त्यांनी प्रवाळांचे जगण्याचे प्रमाण वाढल्याचे दिसले आहे.

परंतु हा उपचार कितीही सफल झाला, तरी तापलेला समुद्र त्याने थंड होणार नाही. १९९८, २०१० आणि २०१६ साली लक्षद्वीपच्या प्रवाळांनी विरंजनाचे तडाखे सोसले. दोन तडाख्यांमधला काळ अपुरा पडला, तर भित्तीची झीज भरून निघत नाही. भित्ती खचली की लाटांना अडविणारा बांधच जातो, माशांचा निवारा जातो आणि बेटावरील माणसांच्या घराला व ताटाला धोका पोहोचतो. कोळसा आणि तेल यांच्या ज्वलनातून वातावरणात साठणारा कार्बन डायऑक्साइड कमी करणे, हाच या रोगावरील मूळ उपाय आहे, असे आम्हांस वाटते. सूक्ष्मजीव प्रवाळांना थोडी उसंत मिळवून देऊ शकतील. त्या उसंतीचा उपयोग करणे मात्र माणसाच्याच हाती आहे.