गहाण पडलेले घर

विश्रांतवाडीच्या मैदानावर पहाटेच्या दवात सर्वांच्या आधी उभे राहणारे आमचे व्यायामशिक्षक निवर्तल्यास आज वर्ष झाले. आणि त्यांनी वारंवार सांगितलेली एक हकिकत इथे नमूद करावीशी वाटली.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहाव्या क्रमांकावर राहिलेल्या खाशाबा जाधवांस हेलसिंकीला जाता यावे म्हणून कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर ७००० रुपयांस गहाण टाकले. आणि गोळेश्वरच्या या मल्लाने १९५२ मध्ये स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक, कांस्य, जिंकून आणल्यावर पुन्हा आखाड्यात उतरून त्या कर्जाची फेड केली. गुरुऋणाचा याहून निर्मळ दस्तऐवज मला ठाऊक नाही.

‘घर’ या शब्दाशी सर क्षणभर थांबत, शिट्टीची दोरी बोटांभोवती गुंडाळीत.