अपूर्णांकांची ओळ उलगडणारे जैनेंद्र जैन

१/३, २/५, ३/७, ४/९. अंश एकाने वाढतो, छेद दोनाने. शाळकरी मुलालाही ओळखू येईल अशी ही ओळ १९८०च्या दशकात इलेक्ट्रॉनांनी प्रयोगशाळेत मांडून दाखवली. ती अशीच का, याचा उलगडा केला जैनेंद्र जैन यांनी.

प्रयोग असा: दोन अर्धवाहकांच्या सांध्यावर इलेक्ट्रॉनांचा सपाट थर कोंडायचा, तो निरपेक्ष शून्याजवळ थंड करायचा आणि काटकोनात जबर चुंबकीय क्षेत्र लावायचे. मग आडवा विद्युतरोध सलग न वाढता पायऱ्यापायऱ्यांनी वाढतो. १९८० मध्ये क्लाउस फॉन क्लिट्झिंग यांना पूर्णांकांच्या पायऱ्या दिसल्या: २५,८१२.८ ओहमला १, २, ३ने भागावे तशा. सुट्या इलेक्ट्रॉनांचे गणित त्यांना पुरते. १९८२ मध्ये बेल लॅब्जच्या त्सुई, श्टोर्मर आणि गोसार्ड यांना १/३ची पायरी सापडली आणि ते गणित थांबले. गोफ विणताना प्रत्येकीचे पाऊल इतरांच्या पावलांवर ठरते, तसे इथे इलेक्ट्रॉनांचे असते. रॉबर्ट लाफलिन यांनी १९८३ मध्ये १/३ सोडवला. पण मागून अपूर्णांकांची रांगच आली.

राजस्थानातल्या सांभरचे, आयआयटी कानपूरमार्गे अमेरिकेत गेलेले जैन तेव्हा येल विद्यापीठात होते. १९८९ मध्ये त्यांनी मांडले की प्रत्येक इलेक्ट्रॉन स्वतःशी दोन पुंजभोवरे बांधून घेतो. या नव्या कणाचे नाव कंपोझिट फर्मिऑन. बाहेरचे क्षेत्र त्याला बरेच कमी जाणवते, आणि उरलेल्या क्षेत्रात तो क्लिट्झिंग यांच्याच पूर्णांक पायऱ्या चढतो. त्याची पहिली पायरी म्हणजे इलेक्ट्रॉनांची १/३, दुसरी २/५, तिसरी ३/७.

जैन यांनी निसर्गाकडे नवे बल मागितले नाही, नवा नियमही नाही. कण कोणाला म्हणायचे, एवढेच बदलले. माझ्या मते सैद्धांतिक भौतिकीतली ही सर्वांत अवघड जातीची कामगिरी आहे. आणि कल्पना कसाला उतरली. १/२पाशी उरलेले क्षेत्र शून्य होते. तिथे पायरी नसावी आणि हे कण जणू चुंबकच नाही असे वागावेत. १९९०च्या दशकातल्या प्रयोगांत तसेच आढळले.

पुढे पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात जैन याच कल्पनेत खोल उतरत राहिले. २०२५चे भौतिकीचे वुल्फ पारितोषिक त्यांना प्रयोगकर्ते जेम्स आयझेनस्टाइन आणि मोर्डेहाय हायब्लूम यांच्यासोबत मिळाले.

१९८७ मध्ये सापडलेला, सम छेदाचा ५/२ मात्र या ओळीत बसत नाही. तिथे कंपोझिट फर्मिऑनांच्या जोड्या जुळतात असे मानले जाते. त्या जोड्या नेमक्या कोणत्या प्रकारच्या, हा वाद अजून मिटलेला नाही.