पावसात जाम झालेले ट्रॅक्टरचे इंजिन



आपल्यापैकी काही जण उन्हाळ्यात जुना ट्रॅक्टर घाटाखाली पेण-रोह्याकडे माती ओढायला, वीटभट्टीच्या कामाला धाडतात. काम संपता संपता पाऊस गाठतो आणि ट्रॅक्टर तिथेच उघड्यावर राहतो. त्या पट्ट्यात चार महिन्यांत ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, शिवाय पेणच्या खारेपाटाची खारी हवा. दसऱ्याला मालक किल्ली फिरवतो, तर इंजिन हलत नाही. इकडे ऊस वाहतुकीचा करार झालेला, उचल घेतलेली! मग दुसऱ्या ट्रॅक्टरला साखळी बांधायची आणि गिअर टाकून ओढायचे, हा आपल्याकडचा ठरलेला उपाय. तो करू नये. असे ओढलेल्या एका ट्रॅक्टरचा कनेक्टिंग रॉड वाकलेला आम्ही पाहिला आहे. गंज राहिला बाजूला, खर्च मात्र दुप्पट.

पाणी बहुधा सायलेन्सरच्या उघड्या तोंडातून शिरते. बंद इंजिनात एखाद्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिलेला असतो. त्यातून पाणी पिस्टनवर साचते आणि रिंगा गंजाने लायनरला धरतात. तेल किंवा पाणी संपून चालता चालता इंजिन धरले असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे धातूच ओरबाडलेला असतो, इंजिन खोलावेच लागते.

आधी गिअर न्यूट्रलला आहे ना, बॅटरी आणि स्टार्टर ठीक आहेत ना, हे बघावे. मग तेलाचा खालचा बोल्ट हळूच ढिला करावा. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून असेल तर तेच आधी येते. तेल दुधाळ निघाले तरी तेच समजावे.

आता सर्व नोझल काढून नळ्यांची तोंडे स्वच्छ फडक्याने बांधावीत. डिझेल व इंजिन ऑईल निम्मे-निम्मे करून प्रत्येक सिलिंडरमध्ये अर्धा कप सोडावे. चार दिवस तरी थांबावे, कधी पंधरवडाही लागतो. पातळी उतरली की पुन्हा भरावे. तेल रिंगांतून झिरपू लागले, हे चांगलेच. तेवढ्यात वरचे झाकण काढून व्हॉल्व्ह मोकळे आहेत का बघावे. उघडा अडकलेला व्हॉल्व्ह तसाच ठेवून इंजिन फिरवले, तर पिस्टन त्यावर आदळतो.

नंतर पुढच्या पुलीच्या नटाला लांब दांड्याचा पान्हा लावून थोडे पुढे, थोडे मागे करावे. किंवा वरच्या गिअरमध्ये टाकून तीन-चार जणांनी ट्रॅक्टरला नुसते हेलकावे द्यावेत. बोटभर हलले की जोर लावू नये, पुन्हा तेल सोडावे. इतक्यानेही नाही सुटले तर हेड काढावे लागते. मग पिस्टनवर लाकडाचा ठोकळा ठेवून हलक्या हाताने ठोकावे, पण पिस्टन अगदी वर किंवा अगदी खाली असेल तेव्हा नाही. तो मार सरळ क्रँकवर जातो.

मोकळे झाले म्हणून लगेच चालू करू नका. नोझलची भोके उघडी ठेवून स्टार्टर मारावा, आतले तेल बाहेर उडू द्यावे. समोर तोंड करून कोणी उभे राहू नये. तेल दाबले जात नाही. ते आत राहिले तर रॉड वाकतो. तेल आणि फिल्टर नवे घालावेत, टाकीतले पाणी काढावे. पंपाचा बंद करायचा दांडा सहज हलतो ना, हे नक्की बघा. पंप आतून अडकला असेल, तर इंजिन बेफाम सुटते आणि थांबत नाही. म्हणून पहिल्या वेळी हवा शिरते ते तोंड दाबायला एक फळी हाताशी असावी. तासभर चालवून तेल पुन्हा बदलावे, कारण धुतलेला गंज त्यात उतरलेला असतो.

आणि यंदा ट्रॅक्टर खाली पाठवाल, तेव्हा सायलेन्सरवर उपडा घालायला एक डबा सोबत द्या.