रणांगणावरून थेट वर्गात

शाळकरी मुलांना वर्षभर परदेशात धाडणारी ‘एएफएस’ ही संस्था जन्मली ती पहिल्या महायुद्धात, फ्रान्समध्ये. तेव्हा ती अमेरिकी स्वयंसेवक चालकांची रुग्णवाहिका सेवा होती. फोर्डच्या मॉडेल टी गाडीवर लाकडी सांगाडा चढवलेला, आत तीन स्ट्रेचर किंवा दाटीवाटीने बसलेले चार जखमी. दुसऱ्या महायुद्धात हे चालक भारत-ब्रह्मदेश आघाडीवरही होते.

लढाई संपल्यावर प्रमुख स्टीफन गॅलाटी आणि सहकाऱ्यांनी गाड्या बाजूला ठेवल्या आणि मुलं हाती घेतली. 1947 मध्ये 10 देशांतले 52 विद्यार्थी अमेरिकेत आले. क्रिस्टीन लगार्द याच वाटेने 1973-74 मध्ये फ्रान्सहून मेरीलँडच्या शाळेत शिकायला गेल्या. पुढे त्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या प्रमुख झाल्या.

खरं मर्म यजमान कुटुंबात आहे. ते सहसा पैसे न घेता मुलाला घरचा म्हणून ठेवतं, त्यामुळे भांडी विसळणं, कचरा बाहेर ठेवणं हेही आलंच! आठ दिवसांत पाच शहरं दाखवणाऱ्या ‘शैक्षणिक सहली’त हे कुठून मिळणार? ती सहलच, फार तर महागडी.

अमेरिकेतल्या अशा शालेय वर्षासाठी जे-1 व्हिसा लागतो, वयाची किमान अट 15 वर्षांची. अर्ज भरण्याआधी पालकांनी एवढं करावं: परतल्यावर मूल कोणत्या इयत्तेत बसणार, हे आपल्या शाळेकडून लेखी घ्यावं.