एक्के आले... आता पुढे काय?

पोकर टूर्नामेंटच्या पहिल्याच तासात हातात एक्क्यांची जोडी आली, तर लॉटरी लागली असं समजू नका. खरी परीक्षा तिथूनच सुरू होते!

पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या एका कॅसिनोच्या बोटीवर मी आयुष्यातली पहिली पोकर टूर्नामेंट खेळायला बसले. एन्ट्री पाच हजार रुपये. फ्रीलान्सरच्या भाषेत सांगायचं तर दोन लेखांचं मानधन! टेबलवर नऊ जण, त्यात मी एकटीच मुलगी. मनात धाकधूक, पण चेहऱ्यावर 'आपण काय, रोजच खेळतो' असा भाव.

विसाव्या मिनिटाला पानांची कोपरं हळूच उचलून पाहिली आणि पोटात गोळाच आला. इस्पिकचा एक्का आणि किलवरचा एक्का! होल्डेम पोकरमधली सगळ्यात तगडी सुरुवात. पुढच्या दहा मिनिटांत मी स्पर्धेबाहेर होते.

चूक कुठे झाली?

दिवाळीत तीन पत्ती खेळणाऱ्यांना 'बूट' माहीत असतो. पोकरमध्ये त्या जागी ब्लाइंड असतात. आमच्याकडे प्रत्येकी २० हजार चिप्स होत्या आणि ब्लाइंड १००-२००. म्हणजे मोठ्या ब्लाइंडच्या शंभरपट माल हातात. माझ्याआधी एकानं नुसते २०० टाकले. मी विचार केला, रेज केलं तर सगळे पळून जातील, त्यापेक्षा गपचूप बसू आणि जाळ्यात पकडू. मीही २०० टाकले. झालं! स्वस्तात तमाशा बघायला मिळतोय म्हटल्यावर एकूण पाच जण डावात आले.

टेबलवर पहिली तीन पानं उघडली. बदामची नव्वी, बदामची अठ्ठी, किलवरची तिर्री. मोठ्या ब्लाइंडवर बसलेल्या काकांनी ८०० लावले, मी २५०० केले. त्यांनी शांतपणे कॉल केलं. पुढचं पान इस्पिकची दुर्री. मी पाच हजार लावले आणि काका म्हणाले, "ऑल-इन."

इथे थांबून विचार करायला हवा होता. पण डोक्यात एकच रेकॉर्ड वाजत होती: एक्के आहेत, एक्के आहेत! कॉल केलं. काकांनी नव्वी-अठ्ठी दाखवली, दोन जोड्या. शेवटच्या पानानं काही मदत केली नाही. उठताना काका म्हणाले, "बेटा, तू आधी रेज केलं असतंस तर मी ही पानं कधीच फेकून दिली असती."

गणित काय सांगतं?

एक्क्यांची जोडी सरासरी २२१ डावांत एकदा येते. टेबलवर तासाला साधारण २५-३० डाव होतात, म्हणजे सात-आठ तासांत एकदा! एवढी वाट पाहिलेली गोष्ट वाया जाऊ नये असं वाटणारच. पण ही जोडी किती मजबूत, हे समोर किती जण आहेत त्यावर ठरतं. कुठलीही पानं घेऊन एकच जण समोर असेल, तर शेवटपर्यंत तुम्ही जिंकण्याची शक्यता सुमारे ८५ टक्के. दोघे असतील तर ७३. चौघे असतील तर ५६. आणि आठही जण डावात राहिले, तर जेमतेम ३५! मी गर्दी वाढवली आणि स्वतःच्याच एक्क्यांची किंमत उतरवली.

त्यामुळे पहिला फंडा: रेज करा. मोठ्या ब्लाइंडच्या तिप्पट, आणि आधी कोणी नुसतं आत आलं असेल तर प्रत्येकामागे आणखी एक ब्लाइंड. माझ्या डावात हा आकडा ८०० होता. वीस हजारांतले ८०० म्हणजे फक्त चार टक्के, पण तेवढ्यानं हौशे-नवशे बाहेर जातात.

दुसरा फंडा जरा कठीण: सोडायला शिका. सुरुवातीला सगळ्यांकडे भरपूर चिप्स असतात, ब्लाइंड लहान असतात, घाई कुणालाच नसते. अशा वेळी शांत खेळणारा माणूस अचानक सगळं पुढे ढकलतो, तेव्हा त्याच्याकडे बहुतेक वेळा एका जोडीपेक्षा मोठं काहीतरी असतं. तुमचे एक्के ही शेवटी एक जोडीच! त्या क्षणी माझ्याकडे १२,३०० चिप्स उरल्या होत्या. पानं टाकली असती तर आरामात खेळता आलं असतं. आमच्या स्पर्धेत पुन्हा एन्ट्री नव्हती, गेल्या त्या चिप्स गेल्याच.

हेच एक्के स्पर्धेच्या शेवटी आले आणि जेमतेम पंधरा ब्लाइंड उरले असतील, तर मात्र बिनधास्त ऑल-इन. पानं तीच, वेळ वेगळी.

बरोबर खेळूनही...

आता दुसरी बाजू. २०१७, लास वेगास, वर्ल्ड सीरिज ऑफ पोकरचा मेन इव्हेंट. एन्ट्री दहा हजार डॉलर, सुरुवातीला ५० हजार चिप्स. व्हनेसा सेल्ब्स्ट ही तीन ब्रेसलेट जिंकलेली अमेरिकन खेळाडू. स्त्री खेळाडूंमध्ये टूर्नामेंटमधली सर्वाधिक कमाई तेव्हा तिच्याच नावावर होती. पहिल्याच लेव्हलमध्ये तिला एक्क्यांची जोडी आली. समोर २०१२च्या मेन इव्हेंटमध्ये दहावी आलेली फ्रान्सची गाएल बॉमन. टेबलवर एक्का, सत्ती, पंजी आणि मग आणखी एक सत्ती. सेल्ब्स्टकडे तीन एक्के, दोन सत्त्यांचं फुल हाउस! तिला हरवू शकणारी एकच जोडी उरली होती, सत्त्यांची. बॉमनकडे नेमकी तीच होती. चार सत्त्या! सेल्ब्स्ट पहिल्याच लेव्हलला घरी.

तिचा आणि माझा निकाल एकच, पण खेळ एक नाही. तिच्याकडे नशिबाची तक्रार होती, माझ्याकडे फक्त चूक होती. हा फरक ओळखता आला, की हरलेला डावही काहीतरी शिकवून जातो. अप्रेझल हुकलं की आपण लगेच बॉसला दोष देतो ना, तसंच आहे हे. आधी स्वतःची पानं आठवून बघायची!

एक सूचना मात्र हवीच. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेनं केलेल्या कायद्यानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर देशभर बंदी आणली, त्यात पोकरही आलं. गोव्याच्या परवानाधारक कॅसिनोत २१ वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. गेलातच, तर तेवढेच पैसे न्या जे हरले तरी घरभाडं थकणार नाही. सराव करायचा असेल तर मित्रांसोबत शेंगदाणे लावून खेळा, गणित तेच राहतं.

मी सध्या शेंगदाण्यांवरच आहे. परवा पुन्हा एक्के आले. रेज केलं, एकानंच कॉल केलं, आणि नंतर त्यानं सगळा ढीग पुढे सरकवला तेव्हा पाच मिनिटं डोकं खाजवून मी एक्के चक्क टाकून दिले. त्याच्याकडे काय होतं, त्यानं अजून सांगितलेलं नाही.

पण त्या रात्री शेवटपर्यंत टेबलवर मी होते!