पाकीट हरवलेला विमानप्रवासी

तानसेन समारोह ऐकून परतणाऱ्या रसिकाचे पाकीट लश्करच्या बाजारात हरवले, तर ग्वाल्हेरच्या विमानतळावर त्याची वाट अडते काय? दारावरील जवानास पाहावयाचे असते ते एवढेच की, तिकिटावरील नाव आणि समोरचा चेहरा एकाच माणसाचा आहे. त्यासाठी आधारपत्रच हवे, हा समज खरा नव्हे. देशांतर्गत प्रवासासाठी नागरी विमान वाहतूक सुरक्षा विभागाने २०१७ साली दहा प्रकारची ओळखपत्रे ग्राह्य ठरविली. पारपत्र, मतदारपत्र, वाहनपरवाना यांच्या जोडीला साक्षांकित छायाचित्राचे राष्ट्रीयीकृत बँकेचे पासबुकही त्यांत आहे. पुष्कळांना हे ठाऊकच नसते! भ्रमणध्वनी शाबूत असेल, तर त्यातील एम-आधारही चालते. नुसत्या झेरॉक्स प्रतीवर मात्र विसंबू नये.

यांपैकी काहीच हाती नसेल, तर प्रसंग बिकट खरा. मग केंद्र वा राज्य शासनाच्या ‘अ’ वर्गातील राजपत्रित अधिकाऱ्याने, कार्यालयाच्या नाममुद्रित कागदावर, छायाचित्रासह दिलेला दाखला लागतो. परक्या गावी असा अधिकारी गाठण्यात दिवस मोडतो, आणि रविवार असला तर विचारावयासच नको. म्हणून पोलिसांत नोंद करून लगोलग विमान कंपनीस कळवावे व तिकीट पुढच्या दिवसावर नेता येते का, ते आधी विचारावे.